शार्पी, कंदील आणि तेलाचा डबा : रंगमंचाच्या दिव्यांतून ‘नक्कल’ आणि ‘नवं’ शिकवताना



विज्ञान प्रदर्शन आणि स्नेहसंमेलन आपल्याकडे साधारण एकाच हंगामात येतात. प्रदर्शनाच्या गुणपत्रकात ‘नावीन्य’ असा एक रकाना असतो आणि स्नेहसंमेलनात स्टेजवर दिवे लागतात. आजचा पाठ या दोन गोष्टींना जोडणारा आहे. रंगमंचाचे दिवे कोणी बनवले, कोणाचं बघून बनवले, आणि बघून बनवलं म्हणजे प्रत्येक वेळी नक्कलच झाली का, हा विषय. सहावी-सातवीला प्रकाश आणि छाया शिकवताना तीन तासिकांत आरामात बसतो. आमच्या चिंचपाड्याच्या मुलांबरोबर मी तो दोन वर्षं घेतला आहे.

हा पाठ का घ्यावासा वाटला ते आधी सांगते. एका प्रदर्शनात (कुठल्या ते राहू द्या) सातवीतल्या एका मुलाने तेलाच्या डब्याचा स्पॉटलाइट करून नेला होता. परीक्षकांनी दुरूनच पाहिलं, “हे तर यूट्यूबवर आहे,” म्हणाले आणि पुढे गेले. शेजारच्या टेबलावर विकत आणलेला किट जोडून ठेवला होता, चकचकीत. त्याला नावीन्याचे गुण चांगले मिळाले. डब्याला आतून काळा रंग का दिला, हे त्या मुलाला नीट सांगता आलं असतं, पण ते कोणी विचारलंच नाही. पुढच्या वर्षी त्याने प्रदर्शनाला नाव दिलं नाही.

आता पाठाकडे येऊ.

सुरुवात शार्पीपासून करा

लग्न असो की गणपतीची मिरवणूक, आपल्या भागात मंडपवाल्याला हमखास विचारतात, “शार्पी किती लावणार?” वर्गात विचारून बघा, शार्पी म्हणजे काय. मुलं तोंडाने सांगणारच नाहीत. हात वर करून, मनगट गोल फिरवून दाखवतील. घरी मावची बोलणारी, वर्गात मराठी बोलणारी आणि मोबाईलवर हिंदी-गुजराती ऐकणारी आमची मुलं या एका शब्दावर मात्र एकत्र येतात.

फार थोड्या लोकांना माहीत आहे की शार्पी हे एका विशिष्ट दिव्याचं नाव आहे. इटलीतल्या क्ले पाकी या कंपनीने २०१० मध्ये तो बाजारात आणला. आत १८९ वॅटचा छोटासा दिवा, सगळ्याचं मिळून वजन १६ किलोच्या आसपास, आणि झोत चार अंशांपेक्षाही अरुंद. इतका अरुंद झोत म्हणजे प्रकाश पसरून वाया जात नाही, एका काठीसारखा लांब जातो. आकाशात पोचणारा असा झोत हवा असेल तर आधी मोठाले, जड आणि जास्त वीज खाणारे दिवे लागायचे. म्हणून हा नवा दिवा जगभर गाजला.

आता मुलांना विचारा, यात नवं नेमकं काय होतं? बहुतेक मुलं म्हणतील, “मॅडम, तो मान फिरवतो ते.” इथे थांबायचं. मान फिरवणं शार्पीचं नाहीच. स्वतःहून वळणारा, रंग बदलणारा दिवा अमेरिकेतल्या शोको कंपनीने तयार केला होता. व्हारी-लाइट हे त्याचं नाव, आणि १९८१ मध्ये जेनेसिस या इंग्लिश बँडच्या बार्सिलोनातल्या कार्यक्रमात तो लोकांसमोर आला. म्हणजे मान २९ वर्षं जुनी. शार्पीतला तो छोटा दिवासुद्धा आपण भिंतीवर चित्र पाडायला वापरतो त्या प्रोजेक्टरच्या दिव्याच्या जातीचा. मान एकीकडची, दिवा दुसरीकडचा. कमी वजनात, कमी विजेत अरुंद झोत बसवणं हे मात्र त्यांचं.

मग पुढचा प्रश्न. आपल्या लग्नात येते ती शार्पी इटलीची असते का? क्वचितच. मूळ दिवा आल्यावर तशाच घडणीचे दिवे चीनमधल्या कितीतरी कारखान्यांतून निघाले आणि ‘शार्पी’ हे त्या सगळ्यांचंच नाव होऊन बसलं. मंडपवाल्यांच्या बोलण्यात ‘दोनशे तीसची शार्पी’ असा शब्द येतो. दोनशे तीस म्हणजे वॅट, आणि मूळ शार्पी तर १८९ची! आमच्या आजोबांच्या पिढीत हेच पेट्रोमॅक्सचं झालं होतं. ते एका जर्मन कंपनीच्या बत्तीचं नाव, पण तमाशात, भजनात, वरातीत दिसेल ती गॅसबत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स.

मला स्वतःला या नकलांचा सरसकट राग येत नाही. मूळ किमतीत तो दिवा नवापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कधी आलाच नसता. रात्रभर चालणाऱ्या आपल्या सोंगाड्या पार्ट्या गॅसबत्तीवरून हॅलोजनवर आल्या, आता रंगीत एलईडीवर आल्यात, ते स्वस्त मालामुळेच. पण एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. स्वस्त करताना काटछाट होते ती बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात. बाहेरची पेटी, मान, काच तशीच. आतली उष्णता बाहेर काढायची सोय, तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय, अर्थिंगची वायर, हे फोटोत दिसत नाही. त्यामुळे गाळलं तरी गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही.

याच जागी लेसरचा विषय काढा, मुलांच्या जिवाशी संबंध आहे. बाहेरच्या देशांतल्या मोठ्या कार्यक्रमांत लेसर लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ नये म्हणून उंची, कोन, ताकद यांचे नियम पाळावे लागतात. आपल्याकडे मिरवणुकीत रंगीत रेघा तेवढ्या आल्या, नियम मागे राहिले. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या राज्यात आल्या आणि २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी लेसर झोतांवर बंदी घातली. दिसणारं उचललं आणि न दिसणारं सोडलं, तर काय होतं त्याचं याहून जवळचं उदाहरण मुलांना मिळणार नाही.

कंदिलाच्या नळ्या

दुसऱ्या तासिकेला वर्गात एक जुना कंदील आणा. कोणाच्या तरी माळ्यावर सापडतोच. आधी मुलांना तो न दाखवता चित्र काढायला सांगा, मग कंदील टेबलावर ठेवा. चित्रात दोन्ही बाजूंच्या नळ्या बहुतेकांनी काढलेल्या असतात. “या नळ्या कशाला?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “धरायला!” एक-दोन जण म्हणतात, “शोभेला.”

धरायला तर वरची तारेची कडी असते. नळ्या पोकळ असतात आणि ज्योतीला हवा त्यांच्यातून मिळते. वरच्या टोपीपाशी हवा आत शिरते, नळ्यांतून खाली उतरते आणि बर्नरपाशी पोचते. जळून गरम झालेली हवा मधल्या काचेतून वर निघून जाते. वाऱ्याचा झपका थेट ज्योतीवर बसत नाही, म्हणून कंदील हातात घेऊन शेतात जाता येतं आणि चिमणी घेऊन जाता येत नाही. विझलेल्या, थंड कंदिलाची काच काढून एका मुलाला नळीच्या वरच्या तोंडाशी फुंकायला सांगा आणि दुसऱ्याला बर्नरपाशी बोट धरायला. बोटाला हवा लागली की वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

ही नळ्यांची रचना अमेरिकेत १८६० नंतरच्या काळात जॉन अर्विन या माणसाने बसवली. डिट्झ कंपनीने तसे कंदील जगभर विकले. आपल्या बाजारातही परदेशी कंदीलच होते. मग आपल्याकडे कराडजवळ ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आधाराने काचेचा कारखाना काढला, साल १९१६. त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. स्वदेशीचा काळ होता, लोकांनी तो अभिमानाने विकत घेतला.

आता वर्गाला कोड्यात टाका. प्रभाकर कंदील दिसायला परदेशी कंदिलासारखाच. तीच टाकी, त्याच नळ्या, तीच काच. मग ही नक्कल म्हणायची का?

आमच्या वर्गात यावर चांगलंच भांडण झालं. एक बाजू म्हणाली, दिसतं तसंच केलं म्हणजे कॉपी. दुसऱ्या बाजूच्या एका मुलीने विचारलं, “पण मॅडम, काच कुठून आणली?” प्रश्न साधा आणि नेमका होता. काच आयती आणून कंदील जोडला असता तर गोष्ट वेगळी. इथे काच इथल्याच भट्टीत ओतायची होती, आणि तीही अशी की आतून ज्योतीने तापली आणि बाहेरून पावसाचा थेंब पडला तरी लगेच तडकू नये. पत्रा असा दाबायचा की नळीच्या सांध्यातून हवा गळू नये. यातलं काहीच कंदिलाकडे नुसतं बघून कळत नाही. आकार बघून घेता येतो, काच मात्र पुन्हा शिकावी लागते. मी वर्गात निकाल दिला नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर ओगल्यांनी आकार उचलला आणि कारखाना स्वतः घडवला. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरू नये.

असंच कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या चुलतभावांचं. हे दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. त्यांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा नव्हता. परदेशी यंत्राचा अभ्यास करून त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो पुरा केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. तोवर आपल्याकडे चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चालायचं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, त्याची दखल चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून घेतली जाते. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी दुसऱ्याचं यंत्र उलगडून बघणं, मग तसंच एक करणं, आणि ते हातात आल्यावर दिव्यांच्या बाबतीत एक पाऊल पुढे. आपण मुलांकडून थेट शेवटच्या पावलाची अपेक्षा धरतो.

तेलाचा डबा

रंगभूमीवर डब्याच्या दिव्यांचा विषय निघाला की तापस सेन यांचं नाव येतंच. हे बंगाली रंगभूमीवरचे प्रकाशयोजनाकार (१९२४–२००६). पैसे नसायचे तेव्हा ते डालड्याच्या नाहीतर बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात दिवे बसवून काम भागवत. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांचं ‘अंगार’ हे नाटक झालं, कोळशाच्या खाणीवरचं. खाणीत पाणी भरतं आणि मजूर बुडतात, हे दृश्य सेन यांनी स्टेजवर फक्त प्रकाशाने दाखवलं. मुलांना सांगितलं की स्टेजवर पाणी नव्हतंच, तर त्यांचा विश्वास बसत नाही. मग लगेच विचारतात, “कसं केलं?” त्यांना लगेच उत्तर देऊ नका. डबा हातात द्या.

तिसरी तासिका कृतीची. साहित्य असं: पावडरीचे किंवा बिस्किटाचे गोल डबे, काळा कागद, चांदीसारखी चकचकीत वेष्टनं, पुठ्ठा, एकच एलईडी असलेली बॅटरी, आणि आधीच वायरिंग केलेला ९ वॅटच्या दुधी बल्बचा टेबललॅम्प. खिडक्यांना चादरी लावून खोली अंधारी करा. घरच्या विजेला मुलांचा हात लागू देऊ नका, लॅम्प शिक्षकांनीच लावायचा-काढायचा. डब्याच्या कडा बोट कापतात, त्यांना आधी चिकटपट्टी लावा.

पहिल्या फेरीत मुलांना स्टेजवरच्या दिव्याचं फक्त चित्र द्या आणि तसाच करायला सांगा. आमच्या सहा गटांनी काय केलं? सगळ्यांनी पुढे झडपा लावल्या. चार गटांनी आतून चकचकीत कागद चिकटवला, कारण “उजेड जास्त पडेल”. आणि पाच गटांनी डब्याला वरून भोकं पाडली, कारण चित्रात होती.

मग डब्याच्या तोंडाशी चांदणीच्या आकाराचं भोक असलेला पुठ्ठा लावला, आत दुधी बल्ब आणि समोर भिंत. भिंतीवर चांदणी नाही, एक पुसट ढग. वर भोकांमधून छतावर उजेडाचे ठिपके. मुलं हिरमुसली, पण खरा पाठ इथूनच सुरू होतो. दुसऱ्या फेरीचा नियम एवढाच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि का बदलली ते सांगायचं.

बल्ब काढून बॅटरीचा एलईडी ठेवला, तर चांदणी लख्ख. का? दुधी बल्बचा सगळा गोळा उजळतो. त्याच्या प्रत्येक बिंदूतून थोडी वेगळी चांदणी पडते आणि त्या एकमेकींवर चढतात. बारीक दिवा असला की एकच चांदणी. पुस्तकातली गडद आणि पुसट छाया इथे कोणाला पाठ करावी लागली नाही.

चकचकीत कागद काढून काळा लावला. उजेड कमी झाला, मुलं नाराज. पण चांदणीभोवतीचे भरकटलेले डाग गेले. खऱ्या दिव्यात आरसा ठरलेल्या जागी, दिव्याच्या मागे असतो आणि इतर भिंती काळ्या असतात, हे मग सांगायचं. त्याआधी सांगितलं तर ती फक्त माहिती होते.

भोकांचा प्रश्न एका मुलाने स्वतःहून काढला, “ही कशाला पाडली आपण?” कोणालाच सांगता येईना. मी मंडपवाल्याकडून जुना हॅलोजनचा दिवा उसना आणला होता, थंड आणि वायर काढलेला. त्याला वर फटी होत्या, पण फटीच्या आत एक पत्रा आडवा वळवलेला. हवा वळसा घेऊन बाहेर जाते, उजेड वळसा घेत नाही. हॅलोजन भट्टीसारखा तापतो, त्याला फटी हव्यातच. आपल्या डब्यात तर बॅटरीचा एलईडी. मुलांनी भोकांवर चिकटपट्टी लावून टाकली.

मोठे कारखानेही आपल्या मुलांसारखंच करतात बरं का. स्टेजवर काळ्या डब्यासारखे दिसणारे दिवे असतात, त्यांना ‘पार’ म्हणतात. मोटारीच्या हेडलाइटसारख्या बंद काचेचा दिवा एका साध्या डब्यात बसवायचा, इतकीच ती युक्ती. १९७० च्या दशकात गाण्यांच्या कार्यक्रमांतून ती सगळीकडे पसरली. पुढे एलईडी आले, त्यांना त्या लांब डब्याची तशी गरज नव्हती. तरी सुरुवातीचे एलईडी पार त्याच डब्यात आले! गिऱ्हाइकाला डबा दिसला की दिवा ओळखू येतो, बाकी काही नाही. शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहासाठी कड्याकड्यांचं भिंग केलं, तेच नंतर स्टेजच्या दिव्यात आलं. तिथे मात्र उचलणाऱ्याला भिंगाचं काम नीट कळलेलं होतं. जाड भिंग जड होतं आणि तापून तडकतं, कड्यांचं भिंग पातळ राहतं.

“म्हणजे माझ्या आधीच कोणी केलंय?”

दुसऱ्या वर्षी एका मुलीने गंमत केली. झडपांनी चांदणीची कड हवी तशी कापली जात नव्हती. तिने डब्याच्या तोंडाला पुठ्ठ्याची लांब नळी जोडली आणि चांदणीचा पुठ्ठा नळीच्या टोकाला नेला. बल्ब तोच दुधी, तरी कड पुष्कळ साफ आली. आडोसा दिव्यापासून जितका लांब, तितकी कड रेखीव. हे तिने शोधलं, मी सांगितलं नव्हतं. मी खूश होऊन म्हटलं, “अगं, स्टेजच्या दिव्यांना अशी नळी असते, तिला टॉप हॅट म्हणतात.” तिचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्या आधीच कोणी केलंय?”

शिक्षक म्हणून या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण तो येतोच. मी तिला १९३३ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत लंबगोल आरशाचा, रेखीव कडेचा झोत पाडणारा नवा दिवा जवळपास एकाच वेळी दोन कंपन्यांकडून बाजारात आला. एकीकडे लेव्ही आणि कुक हे दोघं. त्यांनी आपल्या नावांची पहिली अक्षरं जोडून दिव्याचं नाव ठेवलं ‘लेको’. दुसरीकडे क्लीगल बंधू, त्यांचा ‘क्लीगलाइट’. गरज दोघांपुढे एकच होती आणि प्रकाशाचे नियमही तेच, त्यामुळे उत्तरं सारखी येणार. आपल्या मुलीनेही त्याच नियमांतून तीच नळी काढली. तिला विचारलं, “तू कोणाचं बघून केलंस?” “नाही.” “मग?” ती हसली. प्रकल्पवहीत तिने लिहिलं, ‘याला टॉप हॅट म्हणतात हे नंतर कळले.’ ते ‘नंतर’ मी लाल पेनाने खोडलं नाही.

मोठ्या मुलांना कायद्याची एक गोष्टही इथे सांगता येते. आपल्याकडे नव्या युक्तीला, म्हणजे वस्तू कशी चालते याला, पेटंट मिळतं आणि ते अर्ज केल्यापासून २० वर्षं टिकतं. वस्तू कशी दिसते, तिचा आकार, याची नोंद वेगळ्या कायद्याखाली होते. ती १० वर्षांची, आणखी ५ वर्षं वाढवता येते. म्हणजे कायद्यानेही दिसणं आणि चालणं वेगवेगळ्या खात्यांत टाकलंय. मुदत संपली की ती युक्ती कोणीही वापरावी. त्याला चोरी म्हणत नाहीत.

आणि काही गोष्टी तर सगळ्यांनी सारख्याच कराव्यात म्हणून मुद्दाम मोकळ्या ठेवतात. दहा वेगवेगळ्या कारखान्यांच्या शार्प्या एकाच वेळी एकाच तालावर कशा वळतात? डीएमएक्स ५१२ नावाची एक ठरलेली भाषा आहे, अमेरिकेतल्या रंगभूमी तंत्रज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्ये तयार केलेली. एका वायरीवर ५१२ वाटा, प्रत्येक वाटेवर ० ते २५५ मधला एक आकडा. इथे गणित घालाच. एका दिव्याला १६ वाटा लागल्या तर एका वायरीवर किती दिवे? मुलं ५१२ ला १६ ने भागतात, उत्तर येतं ३२, आणि पुढच्या लग्नात शार्प्या मोजायला लागतात.

गुण देताना

पुन्हा त्या रकान्याकडे येते. ‘नावीन्य’ या शब्दाखाली आपण खरं तर ‘मी हे आधी पाहिलेलं नाही’ असं मोजतो. ते परीक्षकाच्या पाहण्यावर अवलंबून आहे, मुलाच्या कामावर नाही. ज्याने यूट्यूब कमी पाहिलंय अशा परीक्षकाला सगळंच नवीन! सहावीपासून पुढच्या मुलांसाठी इन्स्पायर मानक योजनेत कल्पना पाठवता येते, निवड झाली तर मॉडेलसाठी १० हजार रुपये मिळतात. तिथेही शाळाशाळांतून त्याच त्या कल्पना फिरतात, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचं एक कारण मला असं दिसतं, की आपण मुलाला ‘काहीतरी नवीन आण’ सांगतो आणि तो घाबरून आयतं नवीन शोधतो.

मी आता टेबलासमोर उभी राहून वस्तूवर बोट ठेवते. हा भाग कशासाठी? हा काढला तर काय होईल? मूळ कुठे पाहिलंस आणि तुझ्यात काय वेगळं आहे? शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच वेगळं नाही, पण मला सगळं कळलंय’ हे उत्तरही मी चांगलं धरते. ‘मूळ कुठे पाहिलंस’ हे विचारताना आवाज चौकशीचा नको. उत्सुकतेने विचारलं तर मुलं मोबाईल काढून मूळ व्हिडिओ स्वतः दाखवतात. दरडावून विचारलं की तेच मूल ‘मी स्वतः केलं’ म्हणतं, आणि मग आपणच त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. याला वेळ लागतो, हे कबूल. चाळीस टेबलं आणि दोन तास असतील तर सगळ्यांना एवढं विचारता येत नाही. मग टेबलं कमी करावीत. पन्नास प्रकल्प नुसते मांडण्यापेक्षा पंधरा नीट ऐकलेले मला बरे वाटतात.

पालकांसाठी दोन गोष्टी. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दुकानातून किट आणून मुलाच्या नावाने जोडू नका. त्याला सगळ्यांसमोर उभं राहून दुसऱ्याच्या वस्तूबद्दल बोलावं लागतं, ते त्याला जड जातं. आणि घरात बिघडलेली बॅटरी, जुना टेबललॅम्प, मोडलेली एलईडी माळ असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एक दिवस मुलाच्या हातात द्या. वायर काढून, सेल काढून. काय काय निघतं ते त्याला चादरीवर मांडू द्या. फुटका एलईडी बल्ब चालेल, पण सीएफएल आणि ट्यूब नको, त्यात पारा असतो.

तेवढं करून झालं की माळ्यावरचा कंदील खाली काढा. बुडाशी किंवा टाकीवर कारखान्याचं नाव उठवलेलं आहे का ते मुलाबरोबर पुसून बघा, आणि आजी घरात असेल तर तिला विचारा, त्या उजेडात रात्री नाटक-तमाशा बघताना मागे बसणाऱ्यांना दिसायचं तरी काय.